सुरुवात ळने

दुसऱ्या वर्षाच्या पहिल्या आठवड्यात मॅडमनी दिलेलं काम एका वाक्यात मावणारं होतं. एक अक्षर निवडायचं आणि ४० दिवस, रोज वेगळ्या साधनाने, ते हाताने काढायचं. संगणक नको आणि छापील नमुना पुढ्यात ठेवून गिरवणंही नको. वर्गात भराभर निवडी झाल्या. क्ष गेला, ज्ञ गेला, श्रीसाठी तर दोघांची ओढाताण झाली. मुळातच नक्षीदार असलेली अक्षरं सगळ्यांना हवी होती. मी ळ घेतला.

मराठीत ळपासून एकही शब्द सुरू होत नाही, एवढंच तेव्हा मनात होतं. मुळाक्षरांच्या तक्त्यावर जवळजवळ प्रत्येक अक्षर आपापल्या शब्दाच्या पुढे चालतं. ळ मात्र बाळाचा, म्हणजे शब्दाच्या शेवटी येऊन उभा राहिलेला. बाणातल्या णचीही तीच गत. कमळातही ळ असतो, पण तक्त्यावर कमळ असतं कचं. मागे उभ्या राहणाऱ्या या अक्षराबद्दल मला लहानपणापासून आपलेपणा वाटत आला आहे. ४० दिवस त्याच्याबरोबर काढायला मला आवडणार होतं.

पहिले दहा दिवस मी ळ काढत नव्हते, नुसता आठवत होते. पेन्सिल, खडू, कोळसा, गोल ब्रश, बोट. साधन रोज बदलायचं आणि आकार तोच यायचा: शिरोरेषेतून उतरलेला आखूड देठ आणि त्याखाली आडवा पडलेला इंग्रजी आठ. पुढ्यात नमुना नव्हता तरी डोक्यात छापील ळ घट्ट बसलेला होता आणि हात निमूटपणे त्याची नक्कल करत होता. माझी वही चाळून मॅडम म्हणाल्या, "दहा साधनं झाली, पण तू एकालाही बोलू दिलं नाहीस." मला ते लागलं, कारण खरं होतं.

अकराव्या दिवशी बोरू घेतला, म्हणजे टोक छाटून शाईत बुडवायची जुन्या पद्धतीची काडीची लेखणी. बोरूचं टोक कसं छाटायचं ते वाचलेलं होतं. रोमन अक्षरं लिहिताना चपट्या निबेचा जो कल असतो, त्याच्या उलट बाजूला कललेलं टोक देवनागरीला लागतं. हे पाठ असूनही पहिलं टोक मी रोमनसारखंच छाटलं. त्या बोरूने आलेला ळ वाचता येत होता, पण आपलं माणूस अचानक परक्या उच्चारात बोलायला लागावं तसा दिसत होता. जिथे रेघ भरायला हवी तिथे ती किडकिडीत आणि जिथे निसटायला हवी तिथे जाड. टोक पुन्हा छाटलं, कल फिरवला, आणि पहिल्याच फटक्यात वेटोळ्याचा वरचा डावा खांदा भरला, वरच्या उजव्या बाजूला रेघ निमुळती झाली, खाली उजवीकडे परत भरली. मी काहीच ठरवलं नव्हतं. बोरू नुसता एका कोनात धरून ठेवला होता, जाड-पातळ त्याचं तो करत होता.

हे नेमकं कसं घडतं ते बघायला पुढच्या दिवशी दोन पेन्सिली रबरबँडने एकत्र बांधल्या. जुनी युक्ती आहे. दोन टोकं म्हणजे निबेच्या दोन कडा. हात फिरतो तशा दोन रेघा उमटतात, कुठे लांब जातात, कुठे एकमेकींना छेदतात. शाईचा ळ भरीव असतो, त्यात हाताची वाट दिसत नाही. दोन पेन्सिलींच्या ळमध्ये ती सगळी उघडी पडली: हात कुठून आत शिरला, कुठे वळला, मधल्या छेदावर कुठल्या रेघेवरून कुठली रेघ गेली. त्या कागदाकडे मी किती वेळ बघत बसले होते ते आठवत नाही. वर्षानुवर्षं काढलेलं अक्षर, आणि त्याचा रस्ता मी पहिल्यांदाच पाहत होते.

साधन निघून जातं आणि त्याची सवय आकारात मागे राहते, याचं माझं सगळ्यात आवडतं उदाहरण रोमन अक्षरांचं आहे. रोममधल्या, इ. स. ११३ च्या सम्राट ट्रेजनच्या स्तंभावरच्या कोरीव अक्षरांच्या टोकांना छोटे पाय फुटलेले दिसतात. त्यांना सेरिफ म्हणतात. दगडात छिन्नी नीट थांबावी म्हणून ते आले, असं बराच काळ मानलं जात होतं. एडवर्ड कॅटिच नावाच्या एका पाद्र्याने १९६८ मध्ये वेगळं मांडलं. तो स्वतः ब्रशने पाट्या रंगवलेला माणूस. त्याचं म्हणणं, की अक्षरं आधी चपट्या ब्रशने दगडावर रंगवली गेली आणि मग त्या रंगावरून छिन्नी फिरली; पाय आले ते ब्रशच्या सुरुवातीच्या आणि शेवटच्या वळणातून. ज्याच्या हाताला ब्रश माहीत होता, त्याला दगडातही ब्रश दिसला. कमल शेडगे यांनी नाटकांसाठी केलेली शीर्षकं मी याच नजरेने पुन्हा बघायला घेतली. नाटकाचा स्वभाव अक्षराच्या कुठल्या वळणात उतरला आहे, ते शोधता शोधता एक अख्खी दुपार गेली.

मधले दिवस मी भरभर सांगते, कारण त्यातले बरेचसे साधेच होते. शाईत बुडवलेला दोरा दुमडलेल्या कागदात ठेवून ओढला, धुरासारखा सुंदर डाग आला, पण त्यात ळ नव्हता. स्पंज, काडेपेटीच्या काड्या, फाडलेला कागद. तार मात्र उपयोगी पडली. अखंड तारेने ळ वाकवायचा तर छेदाच्या जागी तार तारेवरून जावीच लागते. कागदावर सपाट वाटणाऱ्या त्या जागेला खरं तर वर-खाली आहे, हे तारेने दाखवलं.

मग लिनो आला, म्हणजे कोरून ठसा करायचा लिनोलियमचा मऊ तुकडा.

लिनोचा ठसा कागदावर उलटा उमटतो, म्हणून अक्षर आरशातल्यासारखं उलट कोरायचं असतं. मी विचार केला, ळला कसलं उलटं नि कसलं सुलटं? मध्ये देठ, दोन्हीकडे दोन वेटोळी. वहीतला बोरूचा ळ होता तसाच, न फिरवता, मी लिनोवर उतरवला आणि साडेतीन तास कोरत बसले. रोलरने काळी शाई लावली, कागद ठेवला, चमच्याच्या पाठीने घासला, सोलून काढला. काम स्वच्छ झालं होतं. कडा धारदार, काळा रंग एकसारखा. आणि तरीही काहीतरी बिनसलं होतं. मी तो कागद भिंतीवर लावला. येणारी-जाणारी मुलं थांबायची, मान किंचित तिरकी करायची आणि काही न बोलता पुढे जायची.

मॅडम आल्या. "वाच बघू," त्यांनी माझ्या मैत्रिणीला सांगितलं.

"ळ."

"मग अडखळलीस का?"

तिला सांगता येईना. मलाही येईना. मॅडमनी कागद भिंतीवरून काढला, पाठ आमच्याकडे करून खिडकीच्या काचेवर टेकवला आणि तळहाताने दाबून धरला. पातळ कागदातून उजेड आला आणि मागच्या बाजूने ळ दिसला. बरोबर, निवांत, ओळखीचा. वर्गातली दोघं-तिघं एकदमच "हां" म्हणाली.

देठ मधोमध नसतो. माझ्या बोरूच्या ळमध्ये तरी नव्हता. हात वरून उतरतो तो उतरता उतरताच डाव्या वेटोळ्यात शिरतो, त्यामुळे ते थोडं घरंगळल्यासारखं, खाली झुकलेलं येतं. छेद ओलांडून हात उजवीकडे निघतो आणि उजवं वेटोळं चढत्या हाताने बंद होतं, म्हणून ते जरा वर, जरा मोठं. मी ४० दिवसांपैकी निम्मे दिवस हे अक्षर काढत होते आणि त्याच्या दोन बाजू सारख्या आहेत असं ठामपणे धरून चालले होते. हाताला माहीत होतं ते डोळ्याला माहीत नव्हतं. तो खिडकीवरचा कागद मी अजून जपून ठेवला आहे. पुढे जे काही केलं ते त्याच्या पाठीवरून केलं.

लिनोने आणखी एक गोष्ट शिकवली. पेनने काळं काढायचं असतं, लिनोत पांढरं. पाती फिरते ती वेटोळ्यांच्या पोटातून, आणि अक्षर म्हणजे जे कोरायचं राहिलं ते. ळच्या दोन पोकळ्या मी स्वतंत्रपणे, दोन वस्तू असल्यासारख्या, तेव्हा पहिल्यांदा हाताळल्या. डावी किंचित लांबट, उजवी गोलसर. धातूचे खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरं, घडवणारे कारागीर हेच काम पोलादात करायचे. ठशाच्या पोलादात बंदिस्त पोकळ्या आधी छोट्या पोलादी छिन्नीने ठोकायच्या आणि मग बाहेरची बाजू कानशीने घासत आणायची. मधूनमधून ठसा मेणबत्तीच्या ज्योतीवर धरायचा, काजळी धरली की कागदावर टेकवून बघायचं. तो ठसा तांब्यात ठोकला की साचा तयार, आणि साच्यात शिसं, कथील आणि अँटिमनीचा रस ओतला की खिळा. जावजी दादाजींनी १८६९ मध्ये सुरू केलेल्या निर्णयसागर छापखान्याच्या पुस्तकातलं एखादं पान भिंगाखाली धरलं, की मला आता आधी ती ठोकलेली पोकळीच दिसते. शाई नंतर दिसते.

याच दिवसांत वहीच्या समासात मी सहज शब्द लिहीत होते, आमच्या कामातले. वळण. ओळ. जुळणी. पोकळी. मोकळी जागा. पातळ. सरळ. जाळी. वेटोळं. खिळा. जुळारी. मुळाक्षर. फळा. काळा. डोळा. पंधरा-सोळा शब्द झाल्यावर लक्षात आलं, आणि मी अक्षरशः खुर्चीवरून उठले. अक्षराला वळण असतं, अक्षरांची ओळ असते, खिळ्यांची जुळणी असते, पोटात पोकळी असते. आणि यातल्या एकाही शब्दाचं ळशिवाय चालत नाही. मी माझ्या कलेची मराठी पारिभाषिक यादी करत होते आणि माझं अक्षर प्रत्येक शब्दात मध्ये किंवा मागे गुपचूप उभं होतं. योगायोग असेल. पण त्या रात्री मला तो आप्तासारखा वाटला, आणि अजूनही वाटतो.

या यादीमुळे कामाची दिशा बदलली. तोवर मी ळ एकटा काढत होते, पानाच्या मधोमध, पोस्टरवरच्या नटासारखा. पण ज्या अक्षराला कधी पहिलं उभं राहायचंच नाही, त्याला एकटं बघून काय कळणार? ते नेहमी कुणाच्या तरी पाठोपाठ येतं. पुढचे दहा दिवस मी फक्त शब्द काढले. 'ओळ'मध्ये त्याच्या आधी ओच्या कान्याचा ताठ दंड उभा असतो, त्यामुळे डाव्या वेटोळ्याला जरा सरकून घ्यावं लागतं. 'सरळ'मध्ये आधी र, त्याची तंगडी ळच्या पोटाकडे येते. तिथे जागा सोडली नाही तर दोघं भांडतात. 'पोकळी'त मागून दीर्घ वेलांटीचा दंड येतो आणि ळ दोन भिंतींमध्ये बसतो. 'मूळ', 'फळ', 'काळ'. प्रत्येक शेजाऱ्याबरोबर ळची रुंदी मला वेगळी हवीशी वाटायची. हाताने काढताना ती द्यायलाही जमायची.

आणि ऊकार! ज्या अक्षराला दंड आहे त्याचा उकार दंडाला लटकतो. पला आहे, मला आहे, तला आहे. ळला दंड नाही. मग 'वाळू'तल्या ळने ऊकार कुठे धरायचा? छेदाखाली धरला तर दोन वेटोळ्यांच्या मधल्या बेचक्यात तो अडकतो. उजव्या वेटोळ्याखाली धरला तर अक्षराचा तोल जातो. मी २३ प्रकारे 'वाळू' काढली. शेवटी छेदाच्या थोडं उजवीकडे, वेटोळं खाली वळायला लागतं त्या जागी, त्याला आसरा मिळाला. 'डोळ्यां'मधल्या जोडाक्षराचीही अशीच गोष्ट. दंड नसल्यामुळे ळ अर्धा करायचा तर कापायचं काय? म्हणून तिथे ळ पुरा राहतो आणि यच आपला आकार बदलून त्याला बिलगतो. मला य फार समंजस वाटला त्या दिवशी.

चाळीस दिवस संपले आणि खरं काम पुढे आलं: या अक्षरापासून सुरुवात करून छोटा फाँट करायचा. सगळी मुळाक्षरं नाहीत, निवडक शब्द जुळतील एवढीच अक्षरं. फाँट करणारे सहसा न, प, व, क अशा घराणं ठरवणाऱ्या अक्षरांपासून सुरुवात करतात, कारण दंड, गाठ, पोट त्यांच्यातून बाकीच्यांना वाटून देता येतात. ळपासून कुणाला फारसं काही देता येत नाही. तरी मी हट्ट धरला. संगणकासाठी प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या युनिकोडमध्ये ल ०९३२ वर आहे आणि ळ त्याच्याच शेजारी ०९३३ वर. फाँटमधल्या त्या क्रमांकाच्या रिकाम्या चौकटीत खिडकीवरच्या कागदाची पाठ मी स्कॅन करून ठेवली.

संगणकाला आपोआप रेखाटायला सांगितलं तर त्याने ळभोवती ६८ बिंदू टाकले. लिनोच्या पातीचा प्रत्येक थरकाप त्याने इमानदारीने टिपला होता आणि वळण मात्र हरवलं होतं. मी सगळे बिंदू पुसले आणि हाताने ठेवत गेले, वळणांच्या टोकांवर, कमीत कमी. हा भाग मला अनपेक्षितपणे आवडला. गणिती वक्ररेषेने अक्षर पकडणं सोपं नसतं, हे मोठ्या माणसांनीही सांगून ठेवलं आहे. संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड नूथ यांनी १९८० मध्ये रोमन एस या एकाच अक्षरावर अख्खा लेख लिहिला, कारण त्यांच्या पद्धतीत बाकीची अक्षरं बसत होती आणि एसचं मधलं वळण बसत नव्हतं. ळचा छेद म्हणजे जवळजवळ तेच वळण, वर आडवं पडलेलं. ते वाचून धीर आला.

छेदाचीच दुसरी अडचण, तिथे काळं साचायचं. देठ आणि दोन वेटोळी जिथे भेटतात तिथे लहान आकारात छापलं की शाईचा ठिपका पडायचा. मॅथ्यू कार्टर यांनी १९७८ मध्ये अमेरिकेतल्या टेलिफोनच्या यादीसाठी बेल सेंटेनियल हा टाईप केला, त्यात रेघा भेटतात त्या कोपऱ्यांत चक्क खाचा ठेवल्या होत्या. स्वस्त कागदावर शाई पसरून त्या खाचा भरायच्या आणि अक्षर नीट दिसायचं. मी एवढ्या खोल खाचा घेतल्या नाहीत, पण भेटण्याच्या जागी तिन्ही रेघा बारीक केल्या. पडद्यावर मोठं करून बघितलं तर अक्षर तिथे आजारी वाटतं. छापलं की ठणठणीत.

दुसऱ्यांचे ळही खूप बघितले. र. कृ. जोशींनी केलेला मंगल हा देवनागरी फाँट, जो विंडोज २००० बरोबर असंख्य संगणकांवर पोचला, त्यातल्या ळकडे मी आयुष्यात पहिल्यांदाच अक्षर म्हणून बघितलं. किती वर्षं त्यावरून नजर नुसती घसरत गेली होती! काही फाँटमध्ये ळ मन लावून केलेला असतो. काहींमध्ये एक वेटोळं काढून त्याचंच प्रतिबिंब दुसरीकडे चिकटवलेलं दिसतं, माझ्या लिनोसारखंच गृहीत धरून. आजच्या हिंदीच्या लेखनात ळ नाही, त्यामुळे हिंदी डोळ्यासमोर ठेवून केलेल्या फाँटमध्ये तो शेवटी उरकला गेला असेल, असं मला वाटतं. राग नाही येत. वाईट वाटतं. हे अक्षर काही कोपऱ्यातलं नाही; ऋग्वेदाची पहिली ओळच 'अग्निमीळे' अशी सुरू होते.

आता मी ज्यावर अडले आहे ते सांगते. हाताने 'हळूहळू' लिहिलं की दोन ळ कधीच सारखे येत नाहीत. पहिला जरा सावध, दुसरा सैलावलेला. फाँटमध्ये दोन्ही ळ एकाच चौकटीतून येतात, रेघन् रेघ तेच. एका शब्दात दोनदा तोच आकार आला, की हाताने केलेल्या अक्षराचं सोंग उघडं पडतं. युरोपात सुट्या खिळ्यांची छपाई सुरू करणाऱ्या गटेनबर्गलाही हे दिसलं असणार. त्याने १४५५ च्या सुमारास छापून पुरं केलेल्या बायबलसाठी सुमारे २९० वेगवेगळे खिळे पाडले होते, कारण एकेका अक्षराची कमी-जास्त रुंदीची रूपं आणि जोडाक्षरं त्याला हवी होती. आजच्या फाँटमध्ये अशी सोय करता येते. आसपास कोण आहे ते बघून फाँट स्वतःच दुसरं रूप पुढे करतो. म्हणून मी दुसरा ळ केला आहे. त्याचं डावं वेटोळं थोडं जास्त झुकलेलं, उजवं पूर्ण बंद न होता केसभर उघडं. पहिला ळ खिडकीवरच्या कागदाचा, दुसरा बोरूच्या वहीतल्या शेवटच्या पानावरचा, हात थकल्यावर काढलेला.

काल रात्री साडेअकराला 'हळूहळू' छापून बघितलं, १४ पॉइंटमध्ये, मग ४८ मध्ये. हात लांब करून बघितलं, कागद उलटा करून उजेडावर धरून बघितलं. ती सवय आता जात नाही. पहिला ळ जागेवर आहे. दुसऱ्याखालचा ऊकार झुकलेल्या वेटोळ्याला चिकटतो आहे. तो थोडा खाली घ्यावा लागेल, आणि खाली घेतला की हच्या शेपटीशी त्याची पातळी जुळणार नाही, म्हणजे हलाही हात लावावा लागणार. आज तेवढंच करायचं आहे.